देवराईची कथा आणि देवराईची सीमा

१

सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर, विशेषेकरून कोकणात आणि मावळात, गावाच्या वस्तीपासून थोड्या अंतरावर राखून ठेवलेला झाडीचा एखादा तुकडा आढळतो. घाटमाथ्यावर त्यास देवराई, कोकणात देवरहाटी किंवा नुसती रहाटी आणि पूर्वेकडील अवर्षणाच्या पट्ट्यात बन असे म्हणतात. कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडीचे बिरोबाचे बन हे या शेवटच्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय. कित्येक राया एखाद्या शेताहून मोठ्या नसतात. काहींचा विस्तार मात्र अनेक एकरांचा असतो. भोवतालचे डोंगर उघडे पडलेले असताना या तुकड्यांत आंबा, जांभूळ, बेहडा, सातवीण यांचे जुने वृक्ष आणि गारंबीसारख्या प्रचंड वेली टिकून राहिल्या आहेत. त्यांच्या छायेत काळकाई, वाघजाई, सोमजाई, म्हसोबा, वेताळ अशा दैवतांचे तांदळे असतात. पुष्कळदा या दैवतांवर छप्पर नसते आणि ते त्यांना चालत नाही, असेच गावकरी सांगतात.

या राया कशामुळे टिकल्या, या प्रश्नास सामान्यतः 'देवाच्या भीतीमुळे' असे उत्तर दिले जाते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. भीती ही एक भावना आहे. कोणत्या झाडापर्यंत भ्यावयाचे, कोणाची परवानगी घेतल्यावर भ्यावयाचे कारण उरत नाही, पडलेले लाकूड कोणाचे आणि झऱ्याचे पाणी कोणाचे, हे भावनेवरून ठरत नाही. त्यासाठी नियम लागतात, आणि नियम पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाचे तर त्यांची नोंद कोठेतरी असावी लागते. देवराईच्या बाबतीत ही नोंद कथेच्या रूपाने होती. ती जागेवर, हक्कदार माणसांच्या समक्ष सांगितली जात होती तोवर राईचे रक्षण झाले. ती जागेपासून सुटली तेव्हा श्रद्धा शिल्लक राहूनही पुष्कळ ठिकाणी झाडी शिल्लक राहिली नाही. हे प्रतिपादन पुढे क्रमाने तपासले आहे.

२

देवरायांच्या उत्पत्तिकथांचे नमुने फार नाहीत. एका नमुन्यात गुराख्याची गाय रोज कळपातून वेगळी होऊन झाडीतील एका दगडावर आपोआप पान्हा सोडते. गुराखी तिच्या मागोमाग जातो आणि देव प्रकट होतो. दुसऱ्या नमुन्यात जमीन साफ करीत असताना कोणाचा तरी कोयता किंवा कुऱ्हाड दगडावर बसते आणि दगडातून रक्त वाहू लागते. रात्री देवी स्वप्नात येऊन सांगते की, ही जागा माझी आहे, येथील झाडास हात लावू नये. तिसऱ्या प्रकारच्या कथा अपराधाच्या असतात: राईतील झाड तोडणाऱ्याची दृष्टी गेली, त्याचे घर जळाले, किंवा तोडलेल्या लाकडाने उभारलेले आढे घरावरच कोसळले. वाघ हा देवीचा राखणदार असल्याच्या आणि मधमाश्यांच्या मोहोळाने चोरट्यांस पळवून लावल्याच्या कथाही याच वर्गात मोडतात.

या कथा केवळ चमत्काराच्या दृष्टीने वाचल्या तर त्या सर्व एकसारख्या वाटतात. परंतु गावात त्या सांगितल्या जातात तेव्हा त्यांत काही तपशील कधीही गाळले जात नाहीत. गाय कोणाच्या घरची होती? कोयता कोणत्या कुळातील माणसाच्या हातात होता? दगड कोणत्या ओढ्याच्या अलीकडे सापडला? कथेचे ऐतिहासिक मोल या तपशिलांत आहे. ज्याच्या घरची गाय, त्याच्या वंशजांकडे पूजेचा किंवा पहिल्या नारळाचा मान येतो. ज्याच्या कोयत्याने घाव बसला, त्याच्या घराण्यावर वार्षिक प्रायश्चित्ताचा वा सेवेचा भार येतो. ओढा, मोठा कातळ, विशिष्ट वृक्ष ही कथेतील स्थळे म्हणजे राईच्या सीमेच्या खुणा असतात. हक्क, कर्तव्य आणि चतुःसीमा या तीन गोष्टी कोणत्याही सनदेत असाव्या लागतात. त्या तिन्ही कथेत आहेत.

धनगरांच्या परंपरेत हीच गोष्ट अधिक विस्तृत भूमीवर दिसते. गुंथर सोनथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील आपल्या ग्रंथात वीर येथील म्हस्कोबाच्या परंपरेचा तपशीलवार विचार केला आहे. हा ग्रंथ जर्मन भाषेत १९७६ मध्ये आणि इंग्रजीत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. कमळाजी नावाचा धनगर सोनारीच्या भैरवाचा भक्त होता. वार्धक्यामुळे त्यास तेथवर जाणे अशक्य झाले, तेव्हा देवच त्याच्याबरोबर निघून पुरंदर तालुक्यातील वीर येथे आला, अशी ती कथा आहे. सोनारी आजच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. देवाच्या या स्थलांतराच्या कथेत मेंढपाळांच्या चाऱ्याच्या व पाण्याच्या शोधातील वाटांची स्मृती साठविलेली आहे. कथा ऐकणाऱ्या मेंढपाळाच्या दृष्टीने ती एकाच वेळी देवाची गोष्ट आणि प्रदेशाची ओळख होय.

गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील सातेरीचे उदाहरणही या संदर्भात महत्त्वाचे आहे. ही देवी वारुळाच्या रूपाने पूजिली जाते. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात वारूळ हे सुफल भूमीचे, मातृदेवतेच्या देहाचे प्रतीक कसे झाले, हे सप्रमाण दाखविले आहे. मूर्ती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येते. जिवंत वारूळ उचलून नेता येत नाही. जेथे दैवत भूमीशी असे बांधलेले असते, तेथे त्याची कथाही भूमीशी बांधलेली राहते.

३

कथेने नियम सांगितला तरी नित्याच्या व्यवहारात अडचणी उत्पन्न होतातच. घर जळाले, आढ्यासाठी लाकूड हवे. गावच्या देवळाचा खांब मोडला. दुष्काळात गुरांना पाला नाही. अशा प्रसंगी काय करावयाचे, याची व्यवस्था कौल या पद्धतीत आहे. गावचे मानकरी जमतात, गुरव देवापुढे गाऱ्हाणे घालतो आणि दगडावर ओल्या तांदळाचे दाणे किंवा फुलांच्या पाकळ्या चिकटविल्या जातात. उजवीकडील दाणा आधी पडला तर संमती, डावीकडील पडला तर नकार, असा सामान्य संकेत आहे. कौल मागण्यापूर्वी गरज सर्वांसमक्ष मांडावी लागते. एखाद्याने कौल मागावयाचे ठरविले, म्हणजे त्याची गरज खरी आहे की नाही, याची चर्चा गावात आधीच होऊन जाते. निर्णय देवाचा असला तरी चौकशी गावाची असते.

या व्यवस्थेची तुलना एका लिखित साधनाशी करता येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (इ. स. १७१५ च्या सुमारास) आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आला आहे. स्वराज्यातील रानांत सागवानादी वृक्ष आहेत, त्यांतील आवश्यक तेवढे परवानगीने तोडावेत. आंबा, फणस यांसारखी झाडे मात्र तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. अगदीच जीर्ण झालेले झाड असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन न्यावे, असा त्याचा आशय आहे. येथे तीन तत्त्वे दिसतात: वृक्षाच्या वाढीस लागणाऱ्या काळाची जाणीव, जिवंत व जीर्ण झाड यांतील भेद, आणि मालकाची संमती. देवराईच्या कथांत व कौलात हीच तीन तत्त्वे आहेत. फरक इतकाच की, तेथे मालक देव आहे. राजाज्ञा लेखणीने लिहिली गेली आणि राईचा नियम गोष्टीतून सांगितला गेला. त्यामागील ग्रामीण व्यवहारज्ञान एकच होते. कथेला अंधश्रद्धेच्या आणि आज्ञापत्राला राजनीतीच्या कप्प्यात टाकून दोहोंचा विचार निराळा करणे, हे इतिहासाच्या दृष्टीने युक्त नव्हे.

४

बाहेरून आलेल्या निरीक्षकांनी ही कथा कशी वाचली, हा पुढील प्रश्न. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०० व १८०१ या वर्षांत म्हैसूर, कानडा व मलबार या प्रांतांतून प्रवास केला. त्याचे वृत्त १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. कारवारकडील भागात त्यास असे सांगण्यात आले की, रान हे ग्रामदेवतांच्या मालकीचे असून गावच्या प्रमुखाची अनुज्ञा घेतल्याखेरीज झाड तोडता येत नाही. हा प्रमुखच देवाचा पुजारीही असतो. अनुज्ञेबद्दल देवास काही द्यावे लागत नाही, पण ती न घेतल्यास देवाचा कोप होतो. यावर बुकॅननने काढलेला निष्कर्ष असा की, सरकारला आपल्या मालमत्तेवर हक्क सांगता येऊ नये म्हणून लोकांनी काढलेली ही एक युक्ती आहे.

हा निष्कर्ष पूर्वग्रहदूषित असला तरी त्यात एक गोष्ट अचूक टिपली गेली आहे. ही कथा मालकीचा दावा आहे, हे बुकॅननने ओळखले. त्याची चूक अशी की, दावा कथेच्या रूपात असल्यामुळे तो खोटा असलाच पाहिजे, असे त्याने गृहीत धरले.

पुढे वनविषयक कायद्यांनी हेच गृहीत राज्यकारभाराचे तत्त्व बनविले. १८७८ च्या कायद्याने रानावरील हक्क सिद्ध करावयाचे असतील तर ते विहित मुदतीत व विहित पद्धतीने मांडावे लागत. ज्याची सनद दगडाच्या रक्तात आणि गाईच्या पान्ह्यात होती, त्यास असा दावा कागदावर मांडणे कठीण होते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्याच्या प्रश्नावरून इतका असंतोष माजला की, मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. भाताची रोपे तयार करण्यापूर्वी पाला व डहाळ्या पसरून जमीन भाजणे म्हणजे राब. राबासाठी भोवतालच्या झाडांच्या फांद्या छाटणारे शेतकरी देवराईच्या फांद्यांस मात्र हात लावीत नसत. वापराचे रान कोणते आणि राखावयाचे रान कोणते, याचा विवेक गावांत आधीपासून होता, एवढे यावरून स्पष्ट होते. राखीव वनाची नवी रेषा नकाशावर ओढताना या जुन्या रेषेची दखल फारशी घेतली गेली नाही. वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांनी १८९७ मध्ये भारताच्या निरनिराळ्या भागांतील, विशेषतः कोडगूतील, देवरायांचा आदराने उल्लेख केला, ही गोष्ट अपवादात्मक म्हटली पाहिजे.

कथांच्या संग्रहाचे कार्यही याच काळात झाले. मेरी फ्रिअर यांचा दख्खनच्या कथांचा संग्रह १८६८ मध्ये निघाला. ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून गुजरात व कोकण येथील लोकसमजुती गोळा करविल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे जॅक्सनचा वध झाल्यावर आर. ई. एन्थोवेन याने ती सामग्री संपादित केली. गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये बाहेर पडला. या खंडांतील प्रकरणे निसर्गशक्ती, वीरदैवते, रोगदैवते, वृक्षपूजा व नागपूजा अशा विषयांवर बेतलेली आहेत. माहिती देणाऱ्या शाळेचा निर्देश तळटीपेत येतो. परंतु एकाच गावातील एक कथा तीन प्रकरणांत विभागली जाते आणि तिची राई, तिचा ओढा, तिचे मानकरी हे सर्व गळून पडते. अभ्यासकांस हा संग्रह अत्यंत उपयुक्त ठरला, यात संशय नाही. तथापि त्यात कथा ही समजूत म्हणून टिकली, नोंद म्हणून टिकली नाही.

५

स्वातंत्र्योत्तर काळात या विषयाकडे पाहण्याची दृष्टी दोन दिशांनी बदलली. दा. ध. कोसंबी यांनी पुण्याभोवतालच्या प्रदेशात पायी हिंडून मातृदेवतांची स्थाने, प्राचीन वाटा आणि सूक्ष्मास्त्रे यांचा परस्परसंबंध शोधला. त्यांच्या 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) या ग्रंथाने अशा स्थानांचा इतिहास शेतीपूर्व काळापर्यंत मागे नेता येतो, हा विचार रूढ केला. दुर्गा भागवत यांच्या 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) या ग्रंथाने मराठीत लोकसाहित्याच्या शास्त्रीय अभ्यासाची पायाभरणी केली.

दुसरी दिशा वनस्पतिशास्त्राची. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांची पद्धतशीर पाहणी केली. १९८१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या सूचीत महाराष्ट्रातील २३३ देवरायांची नोंद आहे. पुढील गणनांत ही संख्या पुष्कळच वाढली. परंतु ही वाढ नोंदींची आहे, रायांची नव्हे. याच अभ्यासात आलेले श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाचे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील काळकाईच्या राईतील झाडे तोडण्याची तयारी वनखात्याने केली, तेव्हा गावकऱ्यांनी ती वाचविण्यासाठी या शास्त्रज्ञांकडे धाव घेतली. राई गेली तर गावचा बारमाही ओढा आटेल, हे कारण त्यांनी पुढे केले.

या कारणाचा अर्थ नीट लावणे आवश्यक आहे. झाडीखालील पाचोळा व भुसभुशीत माती पावसाचे पाणी मुरवितात, आणि ते सावकाश झिरपून झऱ्यास मिळते. हे आजचे शास्त्र होय. गावकऱ्यांनी शास्त्राची भाषा बोलून देवीची भाषा सोडली, असे मात्र समजू नये. राईतील झरा देवीचा, त्यावर आसरांचा वास, तेथे पादत्राणे घालून जाऊ नये, तेथे धुणे धुऊ नये, ही कथा त्यांस परंपरेने माहीत होतीच. वनखात्यासमोर देवीचे कारण चालणार नाही, म्हणून त्यांनी पाण्याचे कारण सांगितले. दोन्ही विधानांत रक्षणाची वस्तू एकच आहे. कथेने जे सांभाळले होते ते काय, हे तिच्या श्रोत्यांस चांगले ठाऊक होते, याचा हा पुरावा होय.

प्राणिजीवनाच्या बाबतीतही असेच म्हणता येते. धनेश पक्ष्यास घरट्यासाठी जुन्या, भरघोस बुंध्याच्या वृक्षातील ढोली लागते. कोकणात असे जीर्ण बेहडे व सातविणी आता मुख्यतः रहाट्यांतच उरल्या आहेत. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे जायफळाच्या कुळातील वृक्षांची दुर्मिळ दलदल देवराईच्या आश्रयाने टिकून राहिली, आणि २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

६

आता प्रतिपादनाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक राया नष्ट झाल्या, आणि त्या सर्वच ठिकाणी देवावरील श्रद्धा उणावली होती, असे दिसत नाही. रस्ते झाले, कोळशाचा व इमारती लाकडाचा व्यापार डोंगरांत शिरला. त्याचबरोबर मुंबईस नोकरीसाठी गेलेल्या चाकरमान्यांच्या पैशातून देवळांचे जीर्णोद्धार सुरू झाले. उघड्यावरील तांदळ्यावर सिमेंटचे छप्पर आले; क्वचित त्या बांधकामासाठीच राईतील लाकूड विकले गेले. काळकाई ही कालिकेचे रूप ठरली, म्हसोबा हा शंकराचा अवतार ठरला. नव्या माहात्म्यकथेत कैलास आला, दैत्यवध आला. गाय कोणाची आणि कोयता कोणाचा, हा भाग वगळला गेला. नवी कथा अधिक प्रतिष्ठेची होती, परंतु तिला ओढ्याची व कातळाची गरज उरली नव्हती. ती कोणत्याही गावी सांगता येण्याजोगी झाली. त्यामुळे तिने कोणत्याही एका गावच्या झाडीचे रक्षण केले नाही. देव गर्भगृहात सुरक्षित राहिला आणि राई अनाथ झाली.

जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. कौल मागण्याचा अधिकार ठरावीक घराण्यांकडेच असे. काही रायांत स्त्रियांस प्रवेश नसे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींस देवाच्या मानात स्थान असलेच तर ते सेवेपुरते असे. ज्या कथेने सीमा राखली, तिनेच माणसामाणसांतील सीमाही राखल्या. म्हणून तीच व्यवस्था जशीच्या तशी परत आणावी, हा आग्रह इष्ट नव्हे आणि शक्यही नव्हे. गावातील सर्वांस ज्या राईच्या निर्णयात स्थान नाही, तिच्याविषयी आपलेपणा सर्वांस वाटावा, अशी अपेक्षा करता येत नाही.

तथापि, आज कायद्याने जी साधने उपलब्ध झाली आहेत, त्यांच्या संदर्भात कथेच्या स्वरूपाचा हा विचार व्यवहारोपयोगी ठरतो. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने स्थानिक जैवविविधतेची लोकनोंदवही ठेवण्याची पद्धत रूढ झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने राखलेले सामूहिक वन सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आणि हक्काच्या पुराव्यांत वडीलधाऱ्यांच्या लेखनिविष्ट कथनासही स्थान दिले. १८७८ मध्ये जी तोंडी सनद कचेरीच्या दारातून परत गेली, तिला सव्वाशे वर्षांनंतर पुन्हा आत येण्याची वाट मिळाली आहे. परंतु या नोंदवह्यांत पुष्कळदा झाडांची व पक्ष्यांची नावे भरली जातात आणि कथा 'धार्मिक महत्त्व' या एका ओळीत उरकली जाते. एन्थोवेनच्या खंडात कथा होती पण जागा नव्हती. आजच्या नोंदवहीत जागा आहे पण कथा नाही.

देवराईची कथा नोंदवावयाची तर ती राईत उभे राहून, ओढा, कातळ व वृक्ष यांच्या नावांसह, ती सांगण्याचा मान ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून, आणि ज्यांना तो मान कधी मिळाला नाही त्यांच्याकडूनही नोंदविली पाहिजे. या दुसऱ्या कथनांत सरपण, औषधी, पाणी आणि मनाई यांची अशी माहिती असण्याचा संभव आहे, जी मानकऱ्यांच्या कथेत येत नाही. हे काम इतिहास, लोकसाहित्य व वनस्पतिशास्त्र या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांनी एकत्र करावयाचे आहे, आणि त्याला विलंब चालण्यासारखा नाही. तोडलेल्या राईच्या जागी रोपे लावता येतात. पण कोणत्या ओढ्यापर्यंत राई होती, हे सांगणारा शेवटचा वृद्ध गेल्यावर ती रोपे कोठवर लावावयाची, हे सांगणारे दुसरे साधन त्या गावापाशी उरत नाही.